पहिली गोळी आणि तिच्या कहाण्या

१९ एप्रिल १७७५ च्या पहाटे, बोस्टन शहरापासून अकरा-बारा मैलांवरच्या लेक्सिंग्टन नावाच्या खेड्यात, गावच्या सार्वजनिक हिरवळीवर एक गोळी सुटली. ती कोणी झाडली हे अडीचशे वर्षांत कोणालाही छातीठोकपणे सांगता आलेले नाही. समोरासमोर उभे होते इंग्रज राजाचे लाल डगलेवाले शिपाई आणि कॅप्टन जॉन पार्करच्या हाताखालचे सत्तर-पंचाहत्तर गावकरी. काही मिनिटांत आठ गावकरी मरून पडले, दहा जखमी झाले. पलटणीतला एक शिपाई किरकोळ जखमी झाला. पुढे आठ वर्षे चाललेल्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची ही सलामी. लढाई म्हणून तिच्यात काही नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या यात्रेतल्या चेंगराचेंगरीत याहून जास्त धावपळ होत असेल. पण या पाच-दहा मिनिटांवर जितके लिहिले गेले, रंगवले गेले, गायले गेले, तितके पुढच्या मोठमोठ्या लढायांवरही गेले नसेल. प्रस्तुत लेखात त्या लढाईपेक्षा त्या लिहिण्याचाच विचार करायचा आहे. प्रश्न असा की, पहिली गोळी कोणाची हे ठाऊक नसताना साहित्याने त्या रिकाम्या जागेत काय काय भरले, आणि त्यातले आज टिकण्यासारखे काय आहे?

घटना थोडक्यात सांगायला हवी. मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा गव्हर्नर जनरल टॉमस गेज याला बातमी होती की, काँकर्ड गावी वसाहतवाल्यांनी दारूगोळा साठवला आहे. तो नष्ट करण्यासाठी त्याने १८ एप्रिलच्या रात्री लेफ्टनंट कर्नल फ्रान्सिस स्मिथच्या हाताखाली सुमारे ७०० निवडक शिपाई गुपचूप धाडले. गुपित कसले, ते निघण्याआधीच बोस्टनमधून घोडेस्वार सुटले होते. पहाटे लेक्सिंग्टनला रक्त सांडले. पलटण तशीच पुढे सहा-सात मैलांवर काँकर्डला गेली. तिथे गावाच्या उत्तरेकडच्या पुलापाशी जमलेल्या सुमारे चारशे गावकऱ्यांनी मेजर बट्रिकच्या हुकुमावरून गोळ्या झाडल्या आणि राजाचे शिपाई मागे हटले. मग परतीची वाट. दगडी कुंपणे, गोठे, झाडे यांच्या आडून गोळ्यांचा वर्षाव. लॉर्ड पर्सी कुमक आणि दोन तोफा घेऊन लेक्सिंग्टनला पोचला नसता, तर सगळी पलटण वाटेतच संपली असती. संध्याकाळी हिशेब झाला तो असा : इंग्रजांचे ७३ ठार, १७४ जखमी, २६ बेपत्ता, वसाहतवाल्यांचे ४९ ठार आणि चाळीसच्या आसपास जखमी.

या घटनेचे पहिले साहित्य म्हणजे जबान्या. हा मजकूर रुक्ष म्हणून समीक्षक सहसा बाजूला ठेवतात. मला तो सगळ्यांत बोलका वाटतो. लढाईनंतर चार-पाच दिवसांत वसाहतीच्या प्रांतिक काँग्रेसने शंभराच्या घरात साक्षीदार शपथेवर बोलते केले. सगळ्यांचा सूर एकच : आम्ही काही केले नाही, आम्ही पांगत होतो, आमच्या पाठीवर गोळ्या आल्या. खुद्द कॅप्टन पार्करने २५ एप्रिलला शपथेवर सांगितले की, त्याने आपल्या माणसांना पांगण्याचा आणि गोळी न झाडण्याचा हुकूम दिला होता. पकडलेल्या एका जखमी इंग्रज लेफ्टनंटाचीही जबानी घेतली. तो गूल्ड बिचारा प्रामाणिक, लेक्सिंग्टनला आधी गोळी कोणी घातली ते मला नक्की सांगता येत नाही, असे म्हणाला. हे कागद घेऊन जॉन डर्बी नावाचा तांडेल ‘क्वेरो’ नावाच्या हलक्या जहाजातून निघाला. गेजचा सरकारी अहवाल त्याच्या चार दिवस आधी रवाना झालेला. तरी डर्बी २८ मेला लंडनमध्ये हजर, आणि सरकारी खलिता आणखी जवळजवळ दोन आठवडे समुद्रावरच! तेवढ्या अवधीत लंडनच्या वर्तमानपत्रांत गावकऱ्यांची बाजू छापून सगळीकडे झाली होती. आपली कैफियत आधी दाखल करणाराचे पारडे जड होते, हे कोर्टकचेरीची पायरी चढलेल्या कुणाही माणसाला ठाऊक असते.

म्हणजे १७७५ सालच्या कथेला निरपराध बळी हवे होते. त्या वर्षाच्या अखेरीस ॲमॉस डूलिटलने चार ताम्रपट-चित्रे प्रसिद्ध केली. तो आणि राल्फ अर्ल हा चित्रकार लढाईनंतर काही आठवड्यांत त्या जागा पाहून आले होते. लेक्सिंग्टनच्या चित्रात पलटण शिस्तीत बार टाकते आहे आणि गावकरी पळताहेत, पडताहेत. उलट गोळी झाडणारा एकही ठळक दिसत नाही. आता या चित्राशेजारी हेन्री सँडमचे १८८६ चे तैलचित्र ठेवून पाहा. तेच गाव, तीच हिरवळ. पण इथे गावकरी पाय रोवून, छाती काढून, बंदुका रोखून उभे आहेत. शंभर वर्षांत पळणारी माणसे वळून उभी राहिली. मधल्या काळातली चित्रे क्रमाने पाहिली तर उलट गोळी झाडणाऱ्यांची संख्या चित्रागणिक वाढत जाते, ही गंमत अमेरिकेतल्याच एका अभ्यासकाने १९२० च्या दशकात दाखवून दिली.

असे का व्हावे? ‘राष्ट्राला वीर हवे असतात’ एवढ्या ढोबळ उत्तराने भागत नाही. खरे कारण फार घरगुती आहे. १८२४ च्या सप्टेंबरात म्हातारा लाफायेत काँकर्डला आला. तिथल्या स्वागताच्या भाषणात सॅम्युएल होर याने, बळाने केलेला पहिला प्रतिकार या गावात झाला, असे सांगितले. झाले! लेक्सिंग्टनकर खवळले. त्यांनी हयात असलेल्या म्हाताऱ्यांना गोळा करून नव्या जबान्या घेतल्या आणि १८२५ मध्ये एलायस फिनीच्या नावे पुस्तक काढले. त्यात तेच म्हातारे आता शपथेवर सांगू लागले की आम्हीही उलट गोळ्या झाडल्या होत्या. काँकर्डच्या पाद्र्याने, एझ्रा रिप्लीने, १८२७ मध्ये उत्तरादाखल दुसरे पुस्तक लिहिले. तिकडे ॲक्टन गावाचे म्हणणे वेगळेच : पुलावर आघाडीला होता आमचा आयझॅक डेव्हिस, पडलाही तोच, मग काँकर्डचे कौतुक कशाला? गावागावांच्या शिवेवरचे हे भांडण आपल्याला परके वाटायला नको. पन्नास वर्षांपूर्वी जे सांगणे लाभाचे होते तेच आता कमीपणाचे ठरले. म्हाताऱ्यांना खोटे ठरवायची माझी इच्छा नाही. काही जणांनी गोळी झाडलीही असेल. त्या एका शिपायाच्या पायाला जखम झाली ती काही आपोआप नाही. पण एकाच माणसाची स्मृती दोन वेळा शपथ घेऊन दोन गोष्टी सांगते, तेव्हा समीक्षकाने कान टवकारायला हवेत. पार्करच्या तोंडी आज जे वाक्य शिळेवर कोरलेले आहे, ‘युद्धच हवे असेल तर ते इथूनच सुरू होऊ दे’ अशा अर्थाचे, तेही घराण्याच्या आठवणीतून आणि उत्तरायुष्यातल्या साक्षींतून वर आलेले आहे; त्याच्या शपथेवरच्या जबानीत ते नाही. पार्कर स्वतः खुलासा करायला उरला नव्हता. क्षयाने जर्जर झालेला तो माणूस त्याच १७७५ च्या सप्टेंबरात वारला.

(जाता जाता : होरचे ते भाषण झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, २३ ऑक्टोबर १८२४ रोजी, आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला राणी चन्नम्माच्या लोकांनी कंपनी सरकारच्या थॅकरेला लोळवले. त्याची कहाणी कानडी लावणीकारांनी सांभाळली. तिथेही पहिल्या लढाईचे गाणे वेगळे आणि पुढच्या पराभवाचे वेगळे, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.)

या भांडणाच्या पार्श्वभूमीवर राल्फ वॉल्डो इमर्सनचे काँकर्डचे स्तोत्र वाचले म्हणजे त्याची करामत कळते. ४ जुलै १८३७ रोजी पुलाजवळच्या स्मारकाच्या समर्पणाला ते एका जुन्या प्रार्थनेच्या चालीवर गायले गेले. गाणाऱ्यांत वीस वर्षांचाही न झालेला हेन्री थोरो होता. चार कडवी, सोळा ओळी. इमर्सनला इतिहास ठाऊक नव्हता असे कोणी म्हणू नये. त्याचा आजोबा विल्यम इमर्सन हा १७७५ मध्ये गावचा पाद्री, पुलाला लागून असलेल्या घरातून त्याने लढाई पाहिली होती. दोन वर्षे आधी, १८३५ मध्ये, गावाच्या द्विशताब्दीचे व्याख्यान देताना इमर्सनने जुनी दप्तरे चाळली होती, म्हाताऱ्यांना भेटून विचारपूस केली होती. एवढे करूनही कवितेत त्याने एकही नाव येऊ दिले नाही. डेव्हिस नाही, बट्रिक नाही, आजोबाही नाहीत. शेतकरी आहेत, नदी आहे, मोडून वाहून गेलेला पूल आहे, झोपी गेलेले दोन्हीकडचे लोक आहेत. शत्रूही निजला आणि विजेताही निजला, हा भाव त्यात सहजपणे येतो. त्या गोळीचा आवाज जगभर ऐकू गेला, हे पहिल्या कडव्यातले विधान पुढे इतके वापरले गेले की आज ते फुटबॉलच्या सामन्यालाही लावतात. कविता मात्र त्या विधानावर थांबत नाही. ती पुढे विस्मरणाबद्दल बोलते. बाप गेले तशी मुलेही जातील, तेव्हा काळाने आणि निसर्गाने हा दगड तेवढा राहू द्यावा, असे मागणे आहे. पहिले कडवे सभांतून मिरवले गेले आणि उरलेली तीन मागे पडली, हा दोष कवीचा नव्हे.

तो दगड चुकीच्या काठावर उभा होता, ही आणखी एक मौज. पूल १७९३ मध्ये काढून टाकला होता आणि स्मारक उभे राहिले ते ज्या काठावर इंग्रज शिपाई उभे होते त्या काठावर. आपले लोक जिथे लढले तिथे काही नाही आणि शत्रू जिथे पडला तिथे स्मारक, याचे एबेनेझर हबर्ड नावाच्या गावकऱ्याला इतके वाईट वाटे की मरताना तो पलीकडच्या काठावरच्या स्मारकासाठी एक हजार डॉलर ठेवून गेला. त्यातून १८७५ मध्ये, शताब्दीला, डॅनियल चेस्टर फ्रेंच या पंचविशीच्या शिल्पकाराचा तो प्रसिद्ध पुतळा उभा राहिला : एक हात नांगरावर, दुसऱ्या हातात बंदूक. चौथऱ्यावर इमर्सनचे पहिले कडवे. पूलही नवा बांधला. कविता आधी आणि पूल नंतर, असा हा क्रम आहे.

आता लाँगफेलो. आमच्या पिढीच्या इंग्रजी वाचनात अमेरिकन कवी म्हणून पहिली गाठ पडे ती याचीच, म्हणून त्याच्याविषयी कठोर लिहिताना मन थोडे कचरते. ५ एप्रिल १८६० रोजी लाँगफेलो बोस्टनच्या ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यावर चढला, दुसऱ्या दिवशी त्याने ‘पॉल रिव्हिअर्स राइड’ लिहायला घेतली आणि ‘अटलांटिक मंथली’च्या जानेवारी १८६१ च्या अंकात ती छापली गेली. त्याआधी रिव्हिअर कोण होता? बोस्टनचा नामांकित सोनार-चांदीकारागीर, चित्रे कोरणारा, पुढे घंटा ओतणारा आणि तांब्याचे पत्रे लाटणारा कारखानदार. १८१८ मध्ये वारला. कवितेनंतर तो देशाचा घोडेस्वार झाला.

कवितेतल्या चुका शोधणे हा अमेरिकेत शाळामास्तरांचा आवडता धंदा आहे. त्या थोडक्यात अशा : मनोऱ्यातले कंदील रिव्हिअरने पाहिले नाहीत, त्याने दुसऱ्यांसाठी लावायला सांगितले होते. तो एकटा नव्हता. विल्यम डॉज दुसऱ्या वाटेने निघाला होता आणि पुढे डॉक्टर सॅम्युएल प्रेस्कॉट त्यांना मिळाला. रिव्हिअर काँकर्डला पोचलाच नाही. वाटेत गस्तीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला धरले, घोडा काढून घेतला. काँकर्डला बातमी नेली प्रेस्कॉटने. हे सगळे रिव्हिअरने स्वतःच १७९८ च्या सुमारास जेरेमी बेलनॅपला लिहिलेल्या पत्रात स्वच्छ सांगितले आहे, आणि ते पत्र लाँगफेलोच्या काळी छापलेले उपलब्ध होते.

कवीला ठाऊक नव्हते म्हणून चुकला, असे म्हणायची सोय त्यामुळे राहत नाही. त्याने जाणूनबुजून गाळले. येथे दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. कविता छापली गेली त्या सुमारास, २० डिसेंबर १८६० ला, साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटले होते. गुलामगिरीच्या प्रश्नावर देश दुभंगत होता. लाँगफेलोने १८४२ मध्येच गुलामगिरीविरुद्ध कविता लिहिल्या होत्या. झोपलेल्या गावाला एक माणूस दारोदार जाऊन उठवतो, ही प्रतिमा त्याला त्या क्षणी हवी होती आणि तिच्यासाठी एकच माणूस, एकच घोडा, एकच रात्र हवी होती. तीन स्वार असते तर टापांची लय मोडली असती. टापांची ती लय कवितेत अशी काही उतरली आहे की इंग्रजी अर्धवट कळणाऱ्या मुलालाही ती घोड्यावर बसवते. पोवाड्यावर वाढलेल्या आपल्या कानाला हे मुद्दाम सांगायला नको. १८६३ मध्ये ‘टेल्स ऑफ अ वेसाइड इन’ या संग्रहात घेताना त्याने ती एका खानावळवाल्याच्या तोंडी घातली. गावगप्पा सांगणाऱ्या माणसाच्या तोंडी! ही पळवाट म्हणावी की कबुली, ज्याचे त्याने ठरवावे.

माझा आक्षेप चुकांना नाही. आक्षेप असा आहे की, त्या रात्री जे खरोखर अद्भुत होते तेच कवितेतून गेले. डेव्हिड हॅकेट फिशर या इतिहासकाराने १९९४ मध्ये याच विषयावर जाड ग्रंथ लिहिला. त्यात रिव्हिअर मोठाच ठरतो, पण वेगळ्या कारणाने. तो ज्या ज्या गावी गेला तिथे कोणाचे दार ठोठवायचे हे त्याला माहीत होते. त्या माणसाने पुढे कोणाला उठवायचे हे आधी ठरलेले होते. घंटा, बंदुकांचे बार, नवे स्वार असे करत उजाडेपर्यंत बातमी कितीतरी गावांत पोचली. सभा, समित्या, पत्रव्यवहार यांत कित्येक वर्षे घालवलेल्या माणसांचे ते काम होते. या सगळ्या जाळ्याच्या जागी कवितेने एक शूर एकांडा शिलेदार ठेवला. सभेला नियमाने हजर राहणाऱ्या, इतिवृत्त लिहिणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या माणसावर कविता होत नाही हे मान्य; पण चळवळी त्याच्यावरच चालतात हे ज्यांनी सीमाभागात चळवळी जवळून पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. डॉज आणि प्रेस्कॉट यांना लोक विसरले ते घोडे सावकाश हाकले म्हणून नव्हे.

एक उपकथा मात्र सांगण्याचा मोह आवरत नाही. १७७९ मध्ये पेनॉब्स्कॉटच्या फसलेल्या मोहिमेत रिव्हिअरवर आज्ञाभंगाचा ठपका आला. पुढे १७८२ मध्ये लष्करी न्यायालयाने तो निर्दोष ठरवला. ठपका ठेवणाऱ्यांत जनरल पेलेग वॉड्सवर्थ होते, म्हणजे हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलोच्या आईचे वडील! आजोबांनी ज्याच्यावर बोट रोखले त्याला नातवाने अजरामर केले.

त्या रात्री रिव्हिअरने ‘इंग्रज आले’ अशी हाळी दिली, हेही नंतरचे. तो म्हणाला ते पलटणवाले निघाले आहेत अशा अर्थाचे. इंग्रज आले असे म्हणून चालणारच नव्हते, कारण ऐकणारा आणि सांगणारा दोघेही स्वतःला इंग्रज राजाची प्रजा, इंग्रज हक्कांचे वारस समजत होते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा यायला अजून सव्वा वर्ष होते. बंकर हिलच्या लढाईनंतरही, जुलै १७७५ मध्ये, वसाहतींच्या काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज पाठवलाच. ‘स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई’ हे नाव आपण मागाहून दिलेले आहे. त्या हिरवळीवर पडलेल्या आठ जणांना आपण कोणत्या युद्धात मेलो हे कळले नाही.

आपल्याकडेही १७७५ हे साल कोरे नाही. लेक्सिंग्टननंतर जवळजवळ एक महिन्याने, १८ मे १७७५ रोजी, गुजरातेत आणंदजवळ अडास येथे रघुनाथरावांना घेऊन निघालेल्या कर्नल कीटिंगच्या फौजेची हरिपंत फडक्यांच्या फौजेशी गाठ पडली. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची ती पहिली मोठी लढाई. बोस्टनच्या बंदरात डिसेंबर १७७३ मध्ये ज्या ३४२ पेट्या चहा बुडवला गेला तो याच ईस्ट इंडिया कंपनीचा. पुढे यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण गेलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तटाखाली मराठ्यांच्या आणि निजामाच्या फौजांना बरोबर घेऊन उभा राहिला. अडासवर कोणी कवीने असे गाणे लिहिले नाही. घरच्याच माणसाने शत्रू आणला त्या लढाईत पहिली गोळी कोणाची, हे विचारायची कोणाला हौस असणार?

बंकर हिलविषयी थोडक्यात. १७ जून १७७५ ची ही लढाई खरे तर शेजारच्या ब्रीड्स हिलवर झाली. टेकडी इंग्रजांनी जिंकली, पण २२६ मेले आणि आठशेच्या वर जखमी झाले. ‘शत्रूच्या डोळ्यांतले पांढरे दिसेपर्यंत गोळी झाडू नका’ हे वाक्य कोणा सेनापतीचे म्हणून सांगतात. त्या दिवसाच्या समकालीन पुराव्यात ते सापडत नाही. जॉन ट्रंबुलने ही लढाई खाडीपलीकडून पाहिली होती. १७८६ मध्ये लंडनला बसून त्याने डॉक्टर जोसेफ वॉरनच्या मृत्यूचे चित्र काढले, त्यात एक इंग्रज मेजर आपल्याच शिपायाची संगीन हाताने अडवून मरणाऱ्या वॉरनला वाचवू पाहतो. गिऱ्हाईक दोन्ही देशांत असले म्हणजे असे औदार्य सुचते. चित्राच्या उजव्या कडेला मालकामागे एक काळा माणूस अर्धवट दडलेला आहे. त्या दिवशी टेकडीवर पीटर सेलमसारखे काळे शिपाई प्रत्यक्ष लढले; सेलम पुअर याच्या शौर्याबद्दल चौदा अधिकाऱ्यांनी त्या वर्षाअखेर विधिमंडळाला अर्ज केला; लेक्सिंग्टनच्या जखमींत प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा गुलाम होता. कविता आणि चित्रे यांत त्यांच्या वाट्याला आली ती ही कडेची जागा.

मला या सगळ्या साहित्यातले श्रेष्ठ वाटते ते नॅथॅनिएल हॉथॉर्नचे पान-दीड पान. इमर्सनच्या आजोबांच्या त्याच घरात हॉथॉर्न १८४२ ते १८४५ भाड्याने राहिला आणि १८४६ च्या ‘मॉसेस फ्रॉम अॅन ओल्ड मॅन्स’ या कथासंग्रहाच्या प्रारंभी त्याने त्या घराचे वर्णन लिहिले. नदीकाठच्या रणभूमीचे आपल्याला फारसे कौतुक नाही, असे तो आधीच सांगून टाकतो. कवी लोवेलने त्याला ऐकवलेली एक आठवण मात्र त्याच्या मनातून जात नाही. पाद्र्याच्या घरी एक पोरगा लाकडे फोडत होता. बंदुकांचे आवाज थांबल्यावर तो कुऱ्हाड हातात तशीच घेऊन पुलाकडे धावला. सगळे निघून गेलेले. दोन इंग्रज शिपाई पडलेले. एक मेलेला, दुसरा हातापायांवर कसाबसा उठून त्याच्याकडे पाहणारा. पोराने कुऱ्हाड घातली.

ही दंतकथा नव्हे. त्या माणसाचे नाव अमी व्हाइट, असे मानले जाते. परतणाऱ्या शिपायांनी तो देह पाहिला आणि बंडखोर जखमींची कवटी सोलतात, कान कापतात, अशी आवई पलटणीत पसरली. गेजच्या बाजूने ती छापलीही गेली. त्यावर प्रांतिक काँग्रेसने काय करावे? ते दोन मुडदे ज्यांनी पुरले त्या दोघांची मे महिन्यात जबानी घेतली : कोणाची कवटी सोललेली नव्हती, कान कापलेले नव्हते. शब्दाशब्दाने खरी जबानी. कुऱ्हाडीचा उल्लेख नाही.

कागदाने जे झाकले ते हॉथॉर्नने उघडले. त्याची नजर पडते ती त्या पोराच्या पुढच्या आयुष्यावर. एरवी माणूस मारणे पाप मानणाऱ्या गावात, ज्या दिवसाचा उत्सव होणार त्याच दिवशी हे आपल्या हातून झाले, हे घेऊन तो कसा जगला असेल? लढाईबद्दल इतिहास जे जे सांगतो त्या सगळ्यापेक्षा ही एक गोष्ट आपल्याला अधिक देऊन गेली, असे हॉथॉर्न म्हणतो, आणि तिथेच सोडतो. कथा लिहीत नाही. या माणसाने पापाच्या डागावर कादंबऱ्या लिहिल्या, त्याने ही कथा न लिहिता सोडावी याची मला पुष्कळ दिवस चुटपूट होती. आता वाटते, बरे केले. पोराच्या मनात शिरून ते रंगवले असते तर वाचकाला रडून मोकळे होता आले असते. इमर्सनचे स्तोत्र आणि हॉथॉर्नचे हे पान यांत नऊ वर्षांचे अंतर आहे.

विसाव्या शतकातल्या दोन कादंबऱ्यांनी ही बाजू उचलली. एस्थर फोर्ब्सची ‘जॉनी ट्रेमेन’ १९४३ ची, ऐन महायुद्धातली. तिच्यात भाजलेल्या हाताचा चांदीकामाचा उमेदवार शेवटी हात बरा करून बंदूक धरायला तयार होतो. सफाईदार, पण मुलांना भरतीला नेणारी. हॉवर्ड फास्टची ‘एप्रिल मॉर्निंग’ (१९६१) याहून खरी. फास्ट कम्युनिस्ट, १९५० मध्ये तुरुंगात जाऊन आलेला, नंतर पक्षापासून दूर झालेला. झेंड्यामागे धावण्याची किंमत त्याला ठाऊक होती. पंधरा वर्षांचा ॲडम कूपर विहिरीचे पाणी काढताना बाधा उतरावी म्हणून मंत्र पुटपुटतो आणि बापाची बोलणी खातो, इथे गोष्ट सुरू होते. पहाटे बाप हिरवळीवर पडतो. पोरगा पळतो, मांस धुरवण्याच्या खोपटात लपतो. दुपारी तोही कुंपणाआडून गोळ्या झाडतो, आणि त्याला शिकवणारा म्हातारा ज्या थंडपणे माणसे टिपतो ते पाहून त्याला शिसारी येते. कादंबरी एका दिवसात संपते आणि तेच तिचे बळ. शेवटाकडे लेखक थोडा समजुतीचे बोलू लागतो, तिथे ती सैल पडते. पण पळून जाणाऱ्या पोराला डूलिटलच्या चित्रानंतर पहिल्यांदा कोणी तरी पळू दिले.

त्या पुलापाशी दगडी भिंतीलगत दोन इंग्रज शिपाई अजून तिथेच आहेत. लोवेलने १८४९ मध्ये त्यांच्या थडग्यावर कविता लिहिली. तीन हजार मैलांवरून येऊन इथे मरण्याचे आणि समुद्रापार रडणाऱ्या आईचे तिच्यात आहे. १९१० मध्ये त्यातल्या काही ओळी पाटीवर कोरून थडग्यापाशी लावल्या. दोघांपैकी कुऱ्हाडीचा घाव कोणाला बसला होता, हे पाटीवर नाही.